खोल चौकट की खिळ्यांची केस? आठवणींच्या वस्तू घरी मांडताना

डब्यात आणि ट्रंकेत वर्षानुवर्षे पडून असलेल्या वस्तू बाहेर काढून मांडायचे एकदा ठरले, की मुंबईतल्या दोन खोल्यांच्या घरात विचार करण्यासारखे पर्याय फार उरत नाहीत. काचेच्या बरणीत शंखशिंपले आणि जुनी नाणी छान दिसतात, परंतु तळाशी गेलेली वस्तू पुन्हा नजरेस पडत नाही. आजीच्या लुगड्यांची गोधडी शिवून घेणे हा फार सुंदर मार्ग आहे, मात्र गोधडी पांघरली तरच तिचे चीज होते. खरी निवड करावी लागते ती भिंतीवर टांगायची काचेची खोल चौकट आणि जुन्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरे, ठेवायला वापरत ती असंख्य खणांची लाकडी केस या दोहोंत. मी दोन्ही घरी करून पाहिल्या आहेत. चौकट सहा वर्षे वापरली आणि केस गेली चार वर्षे भिंतीवर आहे.

मांडायच्या वस्तू अशा होत्या: वडिलांचा गिरणीतला पितळी बिल्ला, जो 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर पुन्हा कधीच हजेरीला लागला नाही, त्यांचे एचएमटी जनता घड्याळ, लोकलची पुठ्ठ्याची जुनी तिकिटे, मामाची पोस्टकार्डे आणि आईच्या शालूचा जरीकाठ.

दिसण्याच्या बाबतीत चौकट उजवी आहे, हे आधीच मान्य करतो. फिकट सुती कापडावर जरीकाठ आडवा, त्याखाली बिल्ला आणि बाजूला घड्याळ, एवढ्याच मांडणीपुढे घरी आलेला माणूस हमखास थांबत असे. ती करायलाही अवघड नाही. दीड-दोन इंच रुंदीच्या लाकडी पट्ट्या, मागे प्लायवूड, त्यावर आम्लरहित कागद किंवा धुऊन खळ काढलेले कापड, आणि वस्तू गोंदाने न चिकटवता दोऱ्याच्या टाक्यांनी बांधलेल्या, इतकेच तिचे तंत्र आहे. सेलोटेप मात्र अजिबात वापरू नये, कारण तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो आणि त्याचा डाग कागदात कायमचा उतरतो.

अडचण आली ती पावसाळ्यात. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडची हवा दिवसेंदिवस ऐंशी टक्क्यांहून अधिक दमट असते, आणि मी चौकट टांगली होती ती नेमकी बाहेरच्या, पावसाचा मारा झेलणाऱ्या भिंतीवर. मागची फट कागदी टेपने पक्की बंद केली म्हणजे ओल आत शिरणार नाही, असा माझा समज होता. प्रत्यक्षात लाकूड आणि कापड हवेतली ओल शोषत राहिले, गार भिंतीमुळे ती आतच अडकली, आणि दुसऱ्याच वर्षी जरीकाठावर पांढरट बुरशीचे ठिपके दिसू लागले. पोस्टकार्डांच्या कडांना कसर लागली ती वेगळीच. उपाय साधा होता, म्हणजे चौकट उघडून वस्तूंना हवा देणे. परंतु त्यासाठी ती भिंतीवरून उतरवायची, टेप फाडायची, प्लायवूडला ठोकलेल्या बारीक चुका एकेक करून उपसायच्या, टाके उसवायचे आणि सगळे पुन्हा पहिल्यासारखे बसवायचे, यात एक अख्खा रविवार जात असे. साहजिकच ते काम दिवाळीच्या आवराआवरीपर्यंत लांबत गेले.

तरीही बुरशीपेक्षा एका वेगळ्या गोष्टीने माझा निर्णय झाला. जनता हे हाताने चावी द्यायचे घड्याळ आहे आणि वडील रोज सकाळी आंघोळीनंतर त्याला चावी देत. काचेमागे गेल्यापासून ते सव्वाचारला थांबलेले होते. एकदा आई चौकटीसमोर उभी राहून म्हणाली, "जरा हातात दे रे," आणि मला तिला दिवाळीपर्यंत थांब म्हणून सांगावे लागले. ते उत्तर मला आजही बोचते.

केस मला चोर बाजारात मिळाली. छपाई खिळ्यांऐवजी ऑफसेट यंत्रांवर होऊ लागल्यावर शहरातल्या अनेक छापखान्यांच्या केसेस भंगारात निघाल्या, त्यातलीच ती असावी. न मिळाल्यास सुताराकडून प्लायवूडच्या पट्ट्यांची तशीच करून घेता येते. जुनी केस घेतली तर मात्र एक काळजी अवश्य घ्यावी: खिळ्यांच्या धातूत शिसे असते आणि त्याची धूळ खणांच्या कोपऱ्यांत साचलेली असते. ती कोरड्या फडक्याने न झटकता ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसावी, फडके टाकून द्यावे, आतून पॉलिश मारून घ्यावे आणि हे काम लहान मुलांपासून दूर करावे. पुढे मी बिजागरीवरचे काचेचे दार लावले आणि ते चुंबकाने बंद होते.

केसच्या मर्यादाही आहेत. ती जड असते, त्यामुळे रावळप्लग आणि स्क्रू लागतात, आणि भाड्याच्या घरात भिंतीला भोके पाडणे सर्वांनाच जमेल असे नाही. पोस्टकार्ड खणात मावत नाही. ती मी आता लिफाफ्यात घालून कपाटात ठेवली आहेत. उलट पुठ्ठ्याची तिकिटे, जी साधारण 57 बाय 30 मिलिमीटरची असतात, मोठ्या खणात उभी राहतात. हल्लीची थर्मल कागदावरची तिकिटे मांडायची असतील तर आधी त्यांची प्रत काढून ठेवावी, कारण ती काही वर्षांत कोरी होतात. बिल्ल्याला चिंच किंवा पावडर लावून चकाकी आणण्याचा मोह मी टाळतो, कारण घासून घासून त्याच्यावरचा नंबर पुसट होईल.

पावसाळ्यात दोन-तीन खणांत सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो. निळे दाणे गुलाबी झाले की पुडी बदलायची, आणि दार उघडून पुडी बदलायला अर्धे मिनिटही लागत नाही. घड्याळाला आता सकाळी आईच चावी देते.

कदाचित माझ्या घराच्या ओल्या भिंतीमुळे माझे मत एका बाजूला झुकले असेल. कोरडी, आतली भिंत असेल आणि मांडायचे असेल ते एखादे झबले किंवा शालूचा पदर, तर चौकटीला पर्याय नाही. कापड खणात कोंबणे हा त्याच्यावर अन्यायच आहे. फक्त अशा वेळी सुताराला मागचे प्लायवूड चुका मारून बसवू देऊ नये, बिजागऱ्या आणि कडी लावून घ्यावी आणि चौकट पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगू नये, कारण उन्हाने रंग उडतो. आईच्या जरीकाठासाठी मी नंतर तशीच एक लहान चौकट केली आहे. ती स्वयंपाकघर आणि खोली यांच्यामधल्या भिंतीवर असते आणि ऑक्टोबरचे ऊन पडू लागले की तिचे दार दिवसभर उघडे ठेवतो.