कपाटातलं पुस्तक की एन-लिस्टचा पासवर्ड?

जुलैत ओळखपत्र हातात पडलं की देवघेव काउंटरवर दोन प्रकारची मुलं येतात. काहींना अभ्यासक्रमातली सगळी पुस्तकं आजच घरी न्यायची असतात, तर काहींची खात्री असते की एन-लिस्ट या ऑनलाइन ग्रंथसंग्रहाचा पासवर्ड मिळाला की सगळं मोबाइलवर मिळतं. नव्याने रुजू झालेले प्राध्यापकही याच दोन गटांत मोडतात, फक्त जरा सभ्यपणे. ग्रंथपाल म्हणून दोघांनाही मी आधी एकच विचारते: हवंय कशासाठी? परीक्षेसाठी, वर्गात शिकवण्यासाठी की संशोधनासाठी?

परीक्षेसाठी असेल तर कपाटाकडे चला. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीला नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम लागू झाला आणि क्रमिक पुस्तकांच्या कपाटात उलथापालथ सुरू झाली. पण दाराशी 'नवीन पुस्तकं' म्हणून मांडलेल्या पुस्तकांतली काही जुन्याच मजकुराची असतात. मुखपृष्ठ नवं, प्रकरणांची वाटणी सत्रांनुसार. म्हणून विद्यापीठाचा अभ्यासक्रम शेजारी उघडून अनुक्रमणिका ताडून पाहा. घटक जुळत असतील तर जुनी आवृत्ती खुशाल न्या, तिच्यासाठी रांग नसते. अपवाद कायद्याचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे क्रमांकच बदलले. तिथे जुनं पुस्तक तुलनेपुरतं ठीक, पाठ करायला मुळीच नको. करांच्या पुस्तकांचंही तसंच: आधी आवृत्तीचं साल, मग लेखकाचं नाव.

मराठी माध्यमाच्या आणि मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला तर कपाटाला पर्याय जवळपास नाहीच. ग्रंथालयाच्या ड्यूई वर्गीकरणात मराठी साहित्याला दिलेल्या ८९१.४६ या क्रमांकाखाली जे उभं आहे त्याचा फार थोडा भाग पडद्यावर अधिकृतपणे मिळतो. मराठी विश्वकोश ऑनलाइन खुला आहे आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच प्रकाशनं मोफत उतरवून घेता येतात. ही दोन्ही ठिकाणं मुलांना माहीत नसतात, याचं मला दरवर्षी नव्याने वाईट वाटतं.

आता पासवर्डची बाजू. एन-लिस्ट ही महाविद्यालयांसाठीची योजना २०१० पासून चालू आहे आणि गांधीनगरचं इन्फ्लिबनेट हे ग्रंथालयांना जोडणारं केंद्र ती चालवतं. सहा हजारांवर नियतकालिकं, जवळपास दोन लाख ई-पुस्तकं. आणि अनुदानित महाविद्यालयाला जीएसटी धरून वर्षाला ५,९०० रुपये वर्गणी. परदेशी विद्यापीठ प्रकाशनाचा एखादा जाडजूड संदर्भग्रंथ एवढ्याला येत नाही. लॉगिन प्रत्येकाचं वेगळं, ते ग्रंथालयातून मिळतं आणि घरूनही चालतं. मुंबईहून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'तला लेख रात्री अकराला हवा असेल तर कुलूपबंद वाचनकक्षाचा काय उपयोग?

पण एन-लिस्ट उघडून प्रथम वर्ष वाणिज्यचं पुस्तक शोधणारा हमखास वैतागतो. तिथला माल बहुतेक इंग्रजी, संशोधनाच्या अंगाने लिहिलेला. सत्र एकचं 'मोस्ट इम्पॉर्टन्ट' तिथे नाही. शिवाय चारशे पानं फोनवर वाचणं हा प्रकार बोलायला सोपा आहे. प्रकरणभर वाचायचं असेल तर पडदा पुरतो. पुस्तकभर वाचायचं तर कागद हवा, असं माझं मत आहे आणि ते बदलायची मला घाई नाही.

सरकारी महाविद्यालयात असाल तर 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'बद्दल जरूर विचारा. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या या योजनेत तीस प्रकाशकांची जवळपास १३ हजार नियतकालिकं आहेत. एमएस्सी किंवा पीएचडी करणाऱ्याला एन-लिस्टपेक्षा ही वरचढ. मात्र ही नियतकालिकांची योजना आहे. पुस्तकं शोधत तिथे जाऊ नका.

आयआयटी खरगपूरची राष्ट्रीय डिजिटल लायब्ररी फुकट आहे, पण ती मुख्यतः शोधखिडकी आहे. नोंद सापडते, पूर्ण मजकूर दर वेळी हाती येतोच असं नाही. पीएचडीच्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह असलेली शोधगंगा याच्या उलट: प्रबंध प्रकरणाप्रकरणांनी पूर्ण वाचता येतात, मराठीतलेसुद्धा. प्रकल्प करणाऱ्याने तिथली संदर्भसूची उघडावी आणि त्यातली पुस्तकं आमच्या कपाटात शोधावीत. प्रकरणं उचलून आपल्या नावावर लावणाऱ्यांना मी नुसती मान हलवून दाखवते. तो प्रबंध मार्गदर्शकांनीही पाहिलेला असतो.

मग निवड कशी करायची? पहिल्या-दुसऱ्या वर्षाला छापील पुस्तक आणि पुस्तक पेढीचा अर्ज. तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पाला शोधगंगा आणि एन-लिस्ट. एमएला दोन्ही, पण मराठीत एमए करत असाल तर आधी कपाट. शिकवणाऱ्यांनी वर्गासाठी छापील प्रत मागवावी, स्वतःच्या शोधनिबंधासाठी लॉगिन घ्यावं, आणि खरेदीची यादी देताना जे एन-लिस्टवर आधीच आहे ते वगळावं. विभागाचा निधी तेवढाच असतो. वाचलेल्या पैशांत एकाच मराठी संदर्भग्रंथाच्या पाच प्रती येतात, आणि पाच प्रती असल्या की परीक्षेच्या आठवड्यात काउंटरवर भांडणं कमी होतात.

लॉगिनसाठी येताना ओळखपत्र आणि चालू असलेला ईमेल आणा. आणि मागच्या सत्रात नेलेलं पुस्तकही. त्याच्यासाठी आरक्षणाच्या वहीत तीन नावं लागली आहेत.