क्लोव्हर अमूर क्रोशा सुई : ऑर्डरी घेणाऱ्यांनी घ्यावी का?

घरून क्रोशाच्या ऑर्डरी घेणाऱ्या मैत्रिणी सारखं विचारतात की ती जपानी क्लोव्हर अमूर एवढी महाग, खरंच घ्यावी का? माझं उत्तर हो, पण अख्खा सेट नको, रोज लागतो तोच नंबर, म्हणजे त्याच जाडीची सुई घ्या.

आवड म्हणून संध्याकाळी चार ओळी विणायच्या असतील तर आपली साधी अॅल्युमिनियमची सुई मस्त चालते, त्यात काही वाईट नाही. पण राखीच्या, गणपतीच्या सीझनला सकाळपासून रात्रीपर्यंत तेच काम असतं ना, तेव्हा त्या बारीक दांडीवर बोटं आवळून आवळून अंगठ्याचं मूळ आणि मनगट असं काही भरून येतं की दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटवत नाहीत. अमूरची मूठ जाड आणि रबरासारखी मऊ आहे, अंगठा टेकायला मधे चपटी जागा आहे, त्यामुळे मुठीत दाबून धरावीच लागत नाही. मला सगळ्यात जास्त फरक इथेच पडला. मी सुई सुरीसारखी धरते, पेन्सिलसारखी धरणारीला कदाचित एवढा फरक वाटणार नाही, शक्य असेल तर कुणाची तरी हातात घेऊन बघा.

दुसरं म्हणजे टोक. अमिगुरुमीची, म्हणजे विणून आत फायबर भरलेली खेळणी करताना मुका खांब हा आखूड टाका घट्टच हवा, नाहीतर आतला फायबर डोकावतो आणि गिऱ्हाईक बरोबर तिथेच बोट ठेवतं. अशा घट्ट विणीत जाड टोकाची सुई घुसवायची म्हणजे कसरत, आणि मिल्क कॉटन या मऊ दोऱ्याचे पदर लगेच सुटे होतात, एखादा पदर बाहेर राहिला की तो टाका शेवटपर्यंत खुपतो. अमूरचं टोक गुळगुळीत आहे, टाक्यात सहज शिरतं आणि सगळे पदर एकत्र उचलतं. उसवण्यात जाणारा वेळ वाचतो आणि आपल्या धंद्यात वेळ म्हणजेच मजुरी, लोक दोऱ्याचे पैसे देतात पण तासांचे द्यायला कुरकुरतात हे काय नवीन नाही.

आता घेताना एक गोष्ट नीट बघा. अमेरिकन मापाच्या सुया 2.25, 2.75, 3.25 एमएम अशा येतात आणि मेट्रिकच्या 2, 2.5, 3 अशा. मला एका ऑनलाइन विक्रेत्याने 2.5 च्या जागी 2.75 पाठवली होती, वर म्हणे काही फरक पडत नाही! पडतो हो, खेळण्याची वीण सैल येते आणि साइजही वाढते. त्यामुळे मुठीवरचा एमएमचा आकडा वाचूनच ठेवून घ्या.

मुठीला धागे-धूळ चिकटते, फिकट रंगाचं काम घेण्याआधी ओल्या फडक्याने पुसायची सवय लावा. प्रत्येक नंबरची मूठ वेगळ्या रंगाची असल्यामुळे डब्यातून पटकन सापडते, हे मात्र फार सोयीचं.

खेळणी, की-चेन, फुलं करत असाल तर आधी 2.5 घ्या. बाळाची टोपी, मोजे, लोकरीचं काम जास्त असेल तर 3.5 किंवा 4. बारीक दोऱ्याची तोरणं, रुमाल करणाऱ्यांना या उपयोगाच्या नाहीत, त्यांच्यासाठी अमूरमध्येच स्टीलच्या बारीक सुया वेगळ्या मिळतात, 1.75 पासून खाली, त्या बघा.