कळमना मार्केटबाहेरचा पोहे-चहा-पानठेला: तर्रीला पाच तारे, ठेल्याला दोन

माझा छोटा हत्ती टेम्पो आहे. हंगामात काटोल-नरखेडची संत्री नागपूरच्या कळमना मार्केटला आणतो. माल उतरेपर्यंत गेटबाहेर बसणं आलंच, म्हणून या ठेल्यावर माझं उधारीचं खातं आहे. ठेल्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर मालकाचा राग निघेल तिथे कामाला असलेल्या पोट्ट्यावरच, म्हणजे पोरावर.

पहिले पोहे. पहाटे चारला गंज, म्हणजे मोठं पातेलं, चुलीवर चढलेला असतो. काळ्या चण्याची तर्री, वर लाल तवंग, पण नुसता तिखटाचा मारा नाही, चणे नीट शिजलेले. दुसऱ्यांदा तर्री मागितली तर तोंड वाकडं न करता टाकतात. चहा गोडमिट्ट, साखर कमी सांगून उपयोग नाही. गाडी लावायला जागा भरपूर.

आता खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेली पुडी. मी स्वतः खातो, तेव्हा मला शहाणपण शिकवू नका. सुपारी बारीक, चुना बेताचा, आणि घोटलेला असा की पुडी हातात घेतली तर गरम लागते. तसा घोटायला मनगट बराच वेळ चालवावं लागतं. इथे ते मनगट बारा-तेरा वर्षांच्या पोराचं आहे. रात्री भाजीच्या गाड्या लागल्या की तो घोटायची पन्नी, म्हणजे प्लॅस्टिकचा तुकडा, घेऊन बसतो, तो सकाळी गर्दी ओसरेपर्यंत. डोक्यावर पाटी: अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकणं गुन्हा आहे. विकणं सोडा, तंबाखूच्या दुकानात अठराखालच्याने ती हाताळायचीही नाही, असा नियम २०११ पासून आहे. आणि चौदाच्या आतलं पोर तर कोणत्याच ठेल्यावर कामाला ठेवता येत नाही.

घोटणारा खाणारच. चव बघायला चिमूट, झोप उडवायला चिमूट, भूक मारायला चिमूट. वरून मालक पगारासोबत रोज दोन पुड्या देतो, जसा काही बोनस. बालन्याय कायद्यात, २०१५ च्या, मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. मालकाला सांगितलं तर हसला, म्हणे, ‘भाऊ, तो मागते म्हणून देतो ना.’

मला खटकलं ते पोह्यांवरून. पोट्टा पोहे कोरडे खातो. नागपूरचं पोट्टं आणि बिना तर्रीचे पोहे! विचारलं तर म्हणे, ‘तोंडात आग होते काका.’ माझ्या साडूचं असंच सुरू झालं होतं, तिखट झोंबण्यापासून. त्याला मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या सरकारी दवाखान्याच्या, आवारातल्या दंत महाविद्यालयात नेलं होतं, तिथलंच आठवून मी पोराला म्हटलं, तीन बोटं उभी घाल तोंडात. दोन गेली. तिसरीला जबडा अडला. सुपारीने गालाची आतली कातडी ताठत जाते. सोडली तर रोग पुढे सरकणं कमी होतं, पण तोंड पहिल्यासारखं उघडेलच असं नाही, आणि पुढे कॅन्सरची भीती असतेच.

सिगारेटच्या पाकिटावर मोठं चित्र असते. २०१८ पासून सोडायच्या मदतीचा १८००-११-२३५६ हा फुकट नंबरही छापावा लागतो. खर्ऱ्याला पाकीटच नाही. पन्नी आणि रबर, संपलं. ही पुडी हातात घेणाऱ्याला तो नंबर दिसणार कुठे?

१०९८ या मुलांच्या मदतीच्या नंबरवर फोन लावायचं डोक्यात होतं. आधी त्याच्या आईला गाठलं, ती मार्केटातच कांदे निवडते. तिला खर्ऱ्याचं माहीत होतं, तोंडाचं नव्हतं. ‘दवाखान्यात नेलं तर त्या दिवसाची मजुरी कोण देईन?’ म्हणाली. माझ्याकडे उत्तर होतं, कारण मेडिकलला मी गाडीने सोडू शकतो आणि एका दिवसाची मजुरी काही फार नाही. पुढच्या बुधवारचं ठरलंय.

मालकाचं म्हणणं, मी काढलं तर उद्या बाजूच्या ठेल्यावर बसेल. खोटं नाही ते. पण पोह्यांच्या गंजावर माणूस कमी पडतो हे तोच रोज ओरडून सांगतो. आईला घे तिथे, पोराला शाळेत जाऊ दे, घोटायला मोठा माणूस ठेव. ‘बघू’ म्हणाला. तो बघेपर्यंत तारे दोनच. खर्रा मी तिथला घेत नाही. पोहे खातो, ते काही सुटत नाहीत.