सीयूएफएसएम: पातळ पत्र्याच्या पर्लिनसाठी आणि अ‍ॅल्युमिनियमसाठी, गेल्या पावसाळ्यापासूनचा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात शेडची डिझाइन्स करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. सीयूएफएसएम हे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या बेन शेफर यांच्या गटाचं सॉफ्टवेअर. फुकट मिळतं. फ्रेमचं विश्लेषण यात होत नाही, ते आपल्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्येच करायचं. पातळ सेक्शन कोणत्या स्ट्रेसला आणि कोणत्या आकारात बकल होतो (दाबाखाली मुरडतो), एवढंच हे दाखवतं. पण ते इतकं स्वच्छ दाखवतं की माझी डिझाइन करायची पद्धतच बदलली.

फ्रेमच्या सॉफ्टवेअरमधून आपल्याला एक रेशो मिळतो, मेंबरवरचा भार भागिले त्याची ताकद. ०.९२ आला, मेंबर पास, पुढे चला. पातळ पत्र्याच्या स्टील सेक्शनसाठीचा आपला कोड, आयएस ८०१, हा १९७५ चा. त्यात लोकल बकलिंगसाठी (पत्रा जागच्या जागी फुगतो ते) इफेक्टिव्ह विड्थ आहे, म्हणजे पत्र्याची काही रुंदी हिशेबातून वगळायची; पण फ्लँज (सेक्शनची आडवी बाजू) आणि लिप (तिच्या टोकाची दुमड) मिळून फिरतात त्या डिस्टॉर्शनल बकलिंगची वेगळी तपासणी नाही. पर्लिनमध्ये, म्हणजे छताचा पत्रा धरणाऱ्या आडव्या मेंबरमध्ये, नेमकं तिथंच दुखणं असतं. वाऱ्याने छताचा पत्रा वर ओढला की खालचा फ्लँज दाबात येतो, आणि त्याला धरायला पत्रा नसतो.

शिरोलीतल्या एका फाउंड्रीच्या शेडचं उदाहरण देतो. २०० मि.मी. उंचीचा झेड आकाराचा पर्लिन, ६० चे फ्लँज, १५ ची लिप, जाडी २. सीयूएफएसएममध्ये आडव्या अक्षावर बकलिंगच्या लाटेची लांबी आणि उभ्या अक्षावर बकल करणारा भार असा आलेख येतो, त्यावर दोन खड्डे दिसतात: सव्वाशे मि.मी.च्या आसपास लोकल, पाचशे-सहाशेच्या आसपास डिस्टॉर्शनल. दुसरा खड्डा जास्त खोल निघाला, म्हणजे डिस्टॉर्शनल आधी होणार. फॅब्रिकेटर म्हणाला, "साहेब, कशाला एवढा घोळ, पत्रा अडीचचा घालूया की!" अडीचचा घातला तर मीटरला सव्वा किलोपेक्षा जास्त वजन वाढतं. लिप १५ ची २० केली तर जेमतेम दीडशे ग्रॅम. लिप वाढवून परत चालवलं, खड्डा वर आला, आणि २ मि.मी.मध्येच काम भागलं. मालकाला दोन्ही आलेख शेजारी ठेवून दाखवले, लगेच पटलं.

इथून मिळालेला बकलिंग मोमेंट मी अमेरिकेच्या एस १०० या पातळ पत्र्याच्या स्टीलच्या कोडमधल्या डायरेक्ट स्ट्रेंथ पद्धतीत टाकतो. डिस्टॉर्शनलचा लॅम्डा (यील्ड मोमेंट भागिले बकलिंग मोमेंट, त्याचं वर्गमूळ) ०.६७३ च्या आत असेल तर यील्ड मोमेंट पूर्ण मिळतो, पुढे गेला की कपात सुरू. त्यासाठी स्वतःची एक्सेल शीट करून ठेवा. सी आणि झेडचा टेम्प्लेट आत तयार आहे, त्यामुळे नोड भरत बसावं लागत नाही. शिवाय सेक्शन पिळण्याच्या हिशेबाला लागणारे शिअर सेंटर आणि वॉर्पिंगचे आकडेही हेच काढून देतं. झेडचे मुख्य अक्ष तिरके असतात, तेवढं फ्रेममध्ये सेक्शन भरताना बघून घ्या.

अ‍ॅल्युमिनियमसाठीही मी हेच वापरतो, सोलरच्या रेल आणि छतावरच्या चालण्याच्या पट्ट्यांसाठी. ई (धातूचा ताठपणा, न्यूटन प्रति चौ.मि.मी.) २,००,००० च्या जागी ७०,००० भरायचा, पॉयसन रेशो ०.३३. आलेख एकदम खाली येतो, कारण बकलिंग ई वर चालतं. डिफ्लेक्शनही (भाराखालचा झोळ) त्याच सेक्शनला जवळपास तिप्पट. बहुतेक वेळा प्रोफाइल डिफ्लेक्शनवरच ठरतो. आणि १२ मीटरची रेल तापमानातल्या ३० अंशांच्या फरकाला ८ मि.मी. सरकते, स्टीलची ४ च्या थोडं वर. लांबट भोकं द्यावीच लागतात.

वेल्डिंगच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवा. ६०६३-टी६ या अ‍ॅल्युमिनियमच्या प्रकाराला युरोकोडमध्ये प्रूफ स्ट्रेस (धातू कायमचा वाकायला लागतो तो स्ट्रेस) १६० न्यूटन प्रति चौ.मि.मी. धरतात, वेल्डशेजारी ६५. मिग वेल्ड आणि ६ मि.मी.पर्यंतची जाडी असेल तर हा मऊ झालेला पट्टा वेल्डपासून साधारण २० मि.मी. धरतात. ई मात्र तिथंही तोच राहतो, त्यामुळे सीयूएफएसएमच्या आलेखात वेल्डचा मागमूसही लागत नाही. तो हिशेब आपणच धरायचा. मी आता रेलचे जोड बोल्टचेच देतो, आणि वेल्ड टाळता येत नसेल तर तो मोमेंट कमी असलेल्या जागी नेतो.

टेकूवरचं वेब क्रिपलिंग (सेक्शनची उभी बाजू चुरगळणं) आणि बोल्टचं बेअरिंग (भोकाशी पत्रा दबणं) यात नाही, ते हाताने करावं लागतं. सुरुवात करणाऱ्याने आधी साधा सी घ्यावा, लिप शून्यापासून पाच-पाच मि.मी.ने वाढवत जावी आणि दर वेळी डिस्टॉर्शनलचा खड्डा किती वर येतो ते बघावं.