इंजिनात धूळ गेली हे खरं, पण गेली कुठून? नव्या एटीव्हीचं बसलेलं इंजिन आणि वॉरंटीचा घोळ

आधीच सांगतो, गाडी (एटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटेने पळणारी उघडी चारचाकी) वाईट नाहीये. सिंगल सिलिंडर, लिक्विड कूल्ड, ईएफआय (इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन), सीव्हीटी (बेल्टवरचा ऑटोमॅटिक गिअर), लो-हाय गिअर आणि फोर बाय फोर, म्हणजे मधल्या साइजच्या एटीव्हीत आजकाल जे असतं ते सगळं आहे. सस्पेन्शन मस्त, चढाला लोमध्ये टाकली की निमूट चढते, उतारावर इंजिन ब्रेकिंग भरवशाचं. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, एक तर क्लेम अजून पूर्ण मिटलेला नाही आणि दुसरं म्हणजे असलं दुखणं कुठल्याही कंपनीच्या गाडीला होऊ शकतं. बाकीचा रिव्ह्यू इथेच संपला असं समजा, खाली जे आहे ते फक्त इंजिन आणि त्यावरून झालेलं भांडण.

पहिली सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे वेळेत, डीलरकडेच. एटीव्हीला किलोमीटरपेक्षा इंजिनचे तास महत्त्वाचे, बऱ्याच मॉडेलना पहिली सर्व्हिस २०-२५ तासांच्या आसपास असते, ती चुकवू नका कारण नव्या इंजिनातला सगळा बारीक चुरा त्या पहिल्या ऑइलमध्ये उतरलेला असतो. तर ते सगळं झालं, ऑइल, फिल्टर, टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप) चेक, जॉब कार्डवर नोंद. त्यानंतर काही आठवड्यांत गाडी गरम असताना सेल्फ लांबवर मारावा लागायला लागला. थंड असताना एका झटक्यात चालू, पण तापलेली बंद केली आणि थोड्या वेळाने परत स्टार्ट करायला गेलं की नुसती घरघर. मग डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइल खाली दिसायला लागलं. खाली थेंब नाही, कुठे गळती नाही, म्हणजे ऑइल जळतंय हे उघड होतं.

डीलरकडे गेलो तर उत्तर ठरलेलं, "सर, नवीन इंजिन आहे, रिंगा बसेपर्यंत थोडं ऑइल खातंच." हे अगदीच खोटं नाही, पण रनिंग-इनमधलं ऑइल खाणं हळूहळू कमी व्हायला पाहिजे, इथे वाढत चाललं होतं. मी एवढंच केलं की दरवेळी तक्रार जॉब कार्डवर लिहून घेतली, ऑइलची लेव्हल किती, तास किती, आणि त्याची कॉपी घेतल्याशिवाय हललो नाही. तोंडी सांगितलेली तक्रार पुढे कुणालाच आठवत नाही, आणि वॉरंटीत सगळ्यात पहिला प्रश्न हाच येतो की दोष मुदतीच्या आत कळवला होता का. नंतर थ्रॉटल सोडला की मागून निळसर धूर, आणि एअरबॉक्स (एअर फिल्टरचा डबा) उघडून बघितला तर ब्रीदरच्या (इंजिनातला गॅस बाहेर काढणाऱ्या) पाइपमधून ऑइल येऊन तळाशी साचलेलं. रिंगांना न जुमानता गॅस खाली क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या तळाच्या भागात) जायला लागला की असंच होतं. आणि एक दिवस चढावर पिकअप गेलं, आयडलला थांबेना, बंद पडली ती पडलीच. ढकलत, ओढत, टेम्पोत घालून डीलरकडे.

तिथे पोचल्यावर आधी उलटतपासणी. पाण्यात घातली होती का, रेसिंग केलं का, टायर मोठे टाकलेत का, ट्यूनर बसवलाय का, भाड्याने देता का. यात राग मानण्यासारखं काही नाही, वॉरंटीच्या कागदात ह्या गोष्टी बहुतेक सगळीकडे वगळलेल्याच असतात, आणि ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) लॅपटॉप लावला की तास, फॉल्ट कोड, ओव्हरहीटच्या नोंदी वगैरे बाहेर येतात. ते लावताना मी शेजारी उभा राहिलो आणि स्क्रीनचा फोटो काढून घेतला. ओव्हरहीटची एकही नोंद नव्हती, हे पुढे फार कामाला आलं.

मग कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते बघायची) केली आणि मेकॅनिक म्हणाला कमी आहे. आता इथे एक गोष्ट समजून घ्या, अशा बऱ्याच सिंगल सिलिंडर इंजिनात कॅमवर डिकॉम्प्रेसर असतो, तो सेल्फ मारताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवतो म्हणजे स्टार्टरवर लोड येत नाही, त्यामुळे चांगल्या इंजिनाचं कॉम्प्रेशनसुद्धा गेजवर कमीच दिसतं. म्हणून मी लीक-डाउन करा म्हणून अडून बसलो. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (सगळ्यात वरच्या टोकाला) आणायचा, प्लगच्या भोकातून हवेचं प्रेशर द्यायचं आणि किती टक्के हवा निसटते ते बघायचं. १० टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन धट्टंकट्टं, २०-२५ च्या पुढे गेलं की काळजी. माझं ३० च्या वर. आणि खरी मजा आकड्यात नाही, आवाजात आहे. हवा ऑइल टाकायच्या भोकातून फुसफुसत असेल तर रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत), थ्रॉटल बॉडीतून (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेतून) येत असेल तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. माझ्याकडे बहुतेक सगळी ऑइलच्या भोकातून आणि थोडी इनटेकमधून.

इंजिन खोलायच्या आधी एक फॉर्म पुढे केला. त्यात असतं की क्लेम नामंजूर झाला तर खोलायची मजुरी गिऱ्हाइकाने द्यायची. सही केल्याशिवाय कुणी हात लावत नाही, हे बऱ्याच ठिकाणी असंच आहे, पण सही करताना मी त्याच कागदावर लिहिलं की इंजिन माझ्या समोर खोलायचं, काढलेला एकही पार्ट टाकायचा नाही, धुवायचा नाही. धुवायचा नाही हे सगळ्यात महत्त्वाचं. मेकॅनिक लोकांना चांगल्या मनानेच पार्ट डिझेलमध्ये बुडवून लखलखीत करायची सवय असते, आणि त्याबरोबर तुमचा पुरावा वाहून जातो.

खोललं तर पिस्टनच्या स्कर्टवर (खालच्या बाजूवर) उभ्या बारीक रेघा, बोअर वरच्या भागात जास्त झिजलेला, वरच्या रिंगचा गॅप लिमिटच्या बाहेर, इनटेक व्हॉल्व्ह सीटमध्ये आत गेलेले म्हणून टॅपेट टाइट (गरम स्टार्टचा त्रास त्यातूनच). बारीक धूळ ऑइलच्या थरात मिसळली की व्हॉल्व्ह घासायची पेस्टच होते ती. वर जास्त झीज आणि खाली बेअरिंग ठीक, म्हणजे घाण ऑइलमधून नाही, हवेच्या वाटेने आलीये, इथपर्यंत माझं आणि सर्व्हिस मॅनेजरचं एकमत. पुढच्या वाक्याला फाटलं. त्याने रिपोर्टवर लिहिलं, 'धूळ गेली, फिल्टरची देखभाल नाही, वॉरंटी लागू नाही.'

अहो पण कुठून गेली? फिल्टर तुमच्यासमोर आहे, ऑइल लावलेला फोम, फाटलेला नाही, कडेला ग्रीस व्यवस्थित, आणि फिल्टरच्या आतल्या बाजूची भिंत पांढरा रुमाल फिरवला तरी स्वच्छ. फिल्टरमधून धूळ आली असती तर तिथूनच माग दिसला असता. मी एअरबॉक्स आणि थ्रॉटल बॉडीच्या मधला रबरी बूट (हवेचा जोडपाइप) काढायला लावला आणि तिथे सगळं होतं. बुटाची एक कड फ्लँजवर पूर्ण बसलेलीच नव्हती, आत दुमडलेली, वरून क्लॅम्प आवळलेला, आणि त्या दुमडीपासून थ्रॉटल बॉडीच्या दिशेने धुळीचा पट्टा, अलीकडे काही नाही. रबराला त्या दुमडीचा कायमचा वळ पडलेला. आता हा बूट नेहमीच्या सर्व्हिसला काढतच नाहीत, फिल्टर झाकणातून निघतो. म्हणजे तो असाच बसवून आलेला, कारखान्यात नाही तर डीलरकडे गाडी जोडताना. दोन्हीपैकी काहीही असो, मी तर बसवला नव्हता. मेकॅनिक पोरगा मान डोलवत होता पण मॅनेजरसमोर काही बोलेना, त्याचं तरी काय चुकलं.

तेवढ्यात मॅनेजरने नवीन खुसपट काढलं, मधल्या काळात टॉप-अपला टाकलेलं ऑइल कंपनीचं नव्हतं, म्हणून वॉरंटी गेली. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच होतं, वेट क्लचला (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला) चालणारं, जेएएसओ एमए दर्जाचं, बिल हातात. नुसत्या बाहेरच्या ऑइलने वॉरंटी गेली असं सरसकट म्हणता येत नाही हो. अमेरिकेत तर १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याने घरगुती वापराच्या वस्तूंसाठी अशी 'आमचंच वापरा' अट साधारणपणे घालताच येत नाही, युरोपियन युनियनमध्ये नव्या वस्तूवर विक्रेत्याची किमान २ वर्षांची जबाबदारी असते आणि पहिल्या वर्षात निघालेला दोष आधीपासूनच होता असं धरून चालतात, भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूच्या जबाबदारीचं वेगळं प्रकरणच आहे. तुम्ही जिथे असाल तिथलं बघून ठेवा. मी तिथे कायद्यावर भांडलो नाही, फक्त म्हटलं की ऑइलमुळे बुटाची कड कशी दुमडली ते लिहून द्या. ते काही लिहून मिळालं नाही.

त्यानंतर नकार लेखी मागितला (तो द्यायलाच किती टाळाटाळ, 'मी वर कळवतो', 'सिस्टिममध्ये टाकलंय', 'साहेब रजेवर आहेत'), आणि सगळे फोटो, जॉब कार्डं, ईसीयूचा स्क्रीन, लीक-डाउनचा आकडा, बुटाचा फोटो तारखेप्रमाणे लावून कंपनीच्या ग्राहक विभागाला एकाच ईमेलमध्ये पाठवलं. शिव्या नाहीत, सोशल मीडियावर टाकीन वगैरे धमक्या नाहीत, फक्त शेवटी एकच प्रश्न, धूळ फिल्टरच्या पुढून आत आली असेल तर ती देखभाल कशी होते? वापरलेल्या ऑइलचं सँपल बाटलीत भरून ठेवलं होतं, लॅबमध्ये सिलिकॉन जास्त आलं की धूळ सिद्ध होते, पण ती पाठवायची वेळ आली नाही कारण धुळीबद्दल वाद नव्हताच. शेवटी कंपनीचा टेक्निकल माणूस स्वतः आला, बूट हातात घेतला, उलटा केला, दोन मिनिटं काही बोलला नाही आणि मग मॅनेजरला घेऊन आत गेला.

निकाल अर्धवट लागला. सिलिंडर, पिस्टन, रिंगा, हेडचं काम, नवीन बूट हे कंपनीने दिलं, पण कागदावर 'वॉरंटी' नाही, 'गुडविल' म्हणून. हा फरक शब्दाचा वाटतो पण तसा नाही, गुडविल म्हणजे चूक मान्य नाही आणि पुढच्या वेळी हक्क सांगता येत नाही. खोलायची मजुरी मात्र माझ्या अंगावर टाकली, तेवढ्यावरच आता पत्रव्यवहार चालू आहे. शिवाय गाडी वर्कशॉपमध्ये पडून होती तो काळ वॉरंटीच्या मुदतीत धरलाय, आणि बदललेल्या पार्टची वॉरंटी मूळ मुदत संपेपर्यंतच. मुदत वाढवून मागितली तर हो पण नाही आणि नाही पण नाही.

एक्स्टेंडेड वॉरंटीचं विचाराल तर ती घेतली होती, काही उपयोग झाला नाही. ती बहुतेक वेळा कंपनीची नसतेच, तिसऱ्याच कुणाचा तरी सर्व्हिस काँट्रॅक्ट असतो, कंपनीची मुदत संपल्यावर लागू होतो आणि त्यात काम सुरू करायच्या आधी परवानगी लागते, नाहीतर एक पैसा देत नाहीत. घ्यायच्या आधी वगळलेल्या गोष्टींचं पान वाचा, बाकी ब्रोशर नाही वाचलं तरी चालेल.

हाफ इंजिन (वरच्या अर्ध्या भागाचं काम) झाल्यावर गाडी परत पहिल्यासारखी पळते. रनिंग-इन पुन्हा केलं, अर्ध्याच्या वर थ्रॉटल नाही, एकाच स्पीडला फार वेळ नाही, पहिलं ऑइल लवकर बदललं. गरम असताना सेल्फ एका दमात लागतो, ऑइलची लेव्हल हलत नाही. नवीन कुणी घेणार असाल तर डिलिव्हरीच्या दिवशी सीट आणि बाजूचं प्लास्टिक काढायला लावा आणि तो बूट चारी बाजूंनी बोट फिरवून बघा, डीलर तोंड वाकडं करेल, करू दे. माझी वॉरंटी लवकरच संपतेय, त्याआधी परत एकदा लीक-डाउन करून जॉब कार्डवर आकडा लिहून घेणार आहे, आणि मजुरीचा निकाल लागला की तोही सांगतो.