रॉकेट इंधनाचा अंदाज: वहीत काढावा की सीईएवर?

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला रॉकेटचं इंधन घेतलेली पोरं रत्नागिरीत आमच्याकडे येतात ती एकच प्रश्न घेऊन: विशिष्ट आवेग (इंधन किती कार्यक्षमतेने रॉकेट ढकलतं याचं सेकंदांतलं माप) हाताने काढू की नासाचं सीईए, म्हणजे ज्वलनाचं गणित सोडवणारा संगणक प्रोग्राम, चालवू? परवा आलेल्याच्या हातात मी आधी पेन दिलं, कारण लाईट गेली होती. जूनमध्ये वहीचा हा मोठाच फायदा.

वहीतलं गणित मुख्यतः दोन आकड्यांवर चालतं. दहनकक्षाचं तापमान भागिले वायूंचा सरासरी रेणुभार, आणि त्याचं वर्गमूळ; आवेग साधारण त्याच प्रमाणात. द्रव ऑक्सिजन आणि हायड्रोजन वजनाने ६ ला १ घेतले तर तापमान साधारण ३,५०० केल्विन, रेणुभार १३.५, वर्गमूळ १६.१. केरोसीनची आच उलट जास्त, ३,६५० च्या आसपास, पण रेणुभार २३, वर्गमूळ १२.६. गुणोत्तर १.२८. आता खरी इंजिनं बघा: इस्रोचं सीई-२० निर्वातात ४४२ सेकंदांच्या आसपास, केरोसीनवालं रशियन आरडी-१८० ३३८. गुणोत्तर १.३१. दोघांचे दाब आणि नोझल (वायू बाहेर सोडणारं तोंड) वेगळे, तरी पाच मिनिटांत इतकं जवळ आलो. शिवाय कारण कळलं: हायड्रोजन जिंकतो तो धूर हलका म्हणून. पूर्ण ज्वलनाचं ८ ला १ प्रमाण सोडून इंजिनं ६ च्या आसपास का थांबतात, तेही इथेच उलगडतं: उरलेला हायड्रोजन धूर हलका ठेवतो.

पण ते ३,५०० आणलं कुठून? तिथे वही अडते. इतक्या आचेत पाण्याची वाफच फुटते आणि फुटताना उष्णता गिळते. हे धरलं नाही तर तापमान शेकडो अंशांनी फुगतं. गॉर्डन आणि मॅकब्राइड यांचं सीईए नेमकं हेच सोडवतं: गिब्स ऊर्जा (रासायनिक समतोल ठरवणारी राशी) किमान होईल अशी वायूंची वाटणी शोधतं. त्यामुळे मिश्रणाचं प्रमाण किंवा दाब बदलून बघायचा असेल तर सीईएच घ्या, वहीच्या नादी लागू नका.

त्यातही दोन पर्याय. समतोल धरला तर नोझलमध्ये फुटलेले रेणू पुन्हा जुळून उष्णता परत देतात, आकडा चढतो. गोठलेलं मिश्रण, म्हणजे वाटणी नोझलमध्ये बदलतच नाही असं, धरलं तर उतरतो. दोन्ही काढा. खरं इंजिन सहसा या दोहोंच्या मधे, वर घर्षण वगैरेची घट. अ‍ॅल्युमिनियमवाल्या घन इंधनात मात्र जपून: द्रव कण वायूच्याच वेगाने धावतात असं सीईए मानतं, प्रत्यक्षात ते मागे रेंगाळतात.

एक गोष्ट विशिष्ट आवेगात येतच नाही. मिरकरवाडा बंदराहून रिकामे थर्माकोलचे खोके भरून निघालेला टेम्पो बघा, वजन काहीच नाही आणि जागा संपलेली. हायड्रोजन तसा: घनमीटरला ७१ किलो, केरोसीन ८०० च्या वर. टाकी एवढी मोठी की तिचंच वजन नडतं. पहिल्या टप्प्यासाठी निवड करत असाल तर आवेगाला घनतेने गुणून बघाच.

लाईट आल्यावर पोराने सीईए चालवलं आणि ओरडला, ‘सर, ४,३०० सेकंद!’ मी वहीकडे बोट दाखवलं. सीईए आवेग मीटर प्रति सेकंदात छापतं; ९.८१ ने भागायचं राहिलं होतं.