जुन्या जोडनळी बंदुकीला कोणतं काडतूस? आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मामांनी बंदूक माझ्या हाती सोपवली तेव्हा सोबत एक जुनी कातडी पिशवी होती. वरची नळी 16 बोरची, छऱ्यांची, खालची रायफलची. जर्मन बनावट, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली. मी विचारलं, "मामा, तुम्ही यात काडतूस कुठलं घालता?" ते म्हणाले, "16 बोरचं कुठलंही घाल. इतकी वर्षं काही झालं नाही."

पिशवीच्या तळाशी दहाबारा रिकाम्या पुंगळ्या पडल्या होत्या. एक उचलून उजेडात धरली. प्लास्टिकचं तोंड फुलासारखं उघडायला हवं, ते चिंध्या झाल्यासारखं फाटलं होतं. कडेच्या पाकळ्या ताणून पातळ झालेल्या, एक तर तुटून गेलेली. पुंगळीवर 70 छापलेलं होतं. त्या दिवशी मी बंदूक परत पेटीत ठेवली आणि पुढचे सात आठवडे तिच्यातून एकही गोळी झाडली नाही.

कारण असं. छऱ्यांच्या काडतुसावर छापलेली लांबी ही ते उडाल्यावरची, तोंडाची घडी पूर्ण उलगडल्यावरची असते. न उडवलेलं 70 मिमीचं काडतूस मी व्हर्नियरने मापलं तर 59 मिमीसुद्धा भरलं नाही. म्हणजे 65 मिमीच्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) ते अगदी सहज बसतं, बंदूक टक्कन बंद होते, हाताला काहीही वेगळं लागत नाही. पण उडताना घडी उलगडायला पुढे जागा नसते. तोंड चेंबरपुढच्या निमुळत्या भागात घुसतं, वाट अरुंद होते, आणि छरे व वॅड (दारू आणि छऱ्यांमधला बूच) त्याच अरुंद वाटेतून दामटून बाहेर पडतात. दाब वाढतो. काडतूस बसतंय म्हणून ते चालेल, हा समज मी या बंदुकीपुरता कायमचा सोडला.

आता चेंबर 65 चं की 70 चं, हे ठरवायचं कसं? जुन्या जर्मन 16 बोरच्या बंदुकी बहुतेक 65 मिमीच्या असतात, पण मधल्या काळात एखाद्या कारागिराने चेंबर लांबवलेलंही असू शकतं. म्हणून ठसे आणि माप दोन्ही पाहिले. नळ्या उतरवल्या की खालच्या सपाट भागावर प्रूफ हाउसचे, म्हणजे बंदुका तपासून शिक्का मारणाऱ्या संस्थेचे, ठसे दिसतात. माझ्या बंदुकीवर वर्तुळातला 16 हा बोरचा आकडा आहे, आणि मुकुटाखाली एन हे अक्षर आहे, म्हणजे ती धूरविरहित दारूसाठी तपासलेली आहे. हा एन नसता, किंवा नळ्या दमास्कस पोलादाच्या असत्या, तर मी इथेच थांबलो असतो. काळ्या दारूसाठी बनलेल्या नळीत आजचं काडतूस घालायचा प्रयोग कुणीही करू नये.

मापासाठी सेरोसेफ नावाचा मिश्रधातू वापरला. तो साधारण 70 ते 88 अंश सेल्सियसला वितळतो, म्हणजे उकळत्या पाण्यापेक्षाही कमी तापमानाला. चेंबरच्या पुढे नळीत कापडाचा बोळा घट्ट बसवायचा, वितळलेला धातू ओतायचा, आणि घट्ट झाला की लगेच बाहेर काढून ठेवायचा. आधी तो किंचित आकसतो आणि तासाभराने चेंबरच्या मूळ मापावर येतो, म्हणून घड्याळ लावून तासाने मापायचं. साचा हातात घेतला की चेंबरचा सरळ भाग कुठे संपतो आणि उतार कुठे सुरू होतो हे डोळ्यांना स्पष्ट दिसतं. माझं चेंबर 65 मिमीचंच निघालं.

रायफलच्या नळीने जास्त घाम काढला. तिच्यावर 7,8 आणि 57 असे आकडे होते. त्यावरून 8×57 च्या घराण्यातलं काडतूस हे कळलं, पण या घराण्यात दोन वेगळे व्यास आहेत. जुन्या 'आय' नळीची गोळी 8.09 मिमीची, 1905 मध्ये जर्मन सैन्याने जी 'एस' गोळी घेतली ती 8.22 मिमीची. फरक एका साध्या कागदाच्या जाडीहून थोडासाच जास्त. पण एस गोळी आय नळीत गेली तर धातूला जायला जागा उरत नाही आणि दाब धोकादायक पातळीवर जातो. 7,8 हा आकडा नळीच्या आतल्या पिळदार आट्यांमधल्या उंचवट्यांचा असतो, खोबणींचा नव्हे, त्यामुळे नुसत्या ठशावर भरवसा ठेवला नाही. मऊ शिशाची गोळी तेल लावून पितळी गजाने नळीतून हळूहळू दाबत पलीकडे काढली. समोरासमोरच्या खोबणींच्या खुणांवर मायक्रोमीटर टेकवला: 8.08. म्हणजे आय.

डब्यावरची अक्षरं नीट वाचा, हे मी हात जोडून सांगतो. आयआर आणि जेआर एकच. जुन्या जर्मन लिपीतला आय लोकांनी जे वाचला, तेव्हापासून दोन्ही चालतात. शेवटचा आर म्हणजे कडा असलेलं काडतूस, मोडून उघडणाऱ्या बंदुकीसाठीचं. पण आयआरएस किंवा जेआरएस दिसलं तर ते जाड एस गोळीचं, माझ्यासारख्या नळीचं नाही. शिवाय 8×57 आर 360 नावाचं आणखी एक जुनं काडतूस आहे, ते पूर्ण वेगळं. म्हणून रायफलच्या चेंबरचाही साचा काढला आणि काडतुसाच्या आराखड्याशी ताडून पाहिला.

हे सगळं घेऊन बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका अनुभवी कारागिराकडे गेलो. त्यांनी नळ्या बंद करून उजेडासमोर धरल्या, सांध्यात थोडी फट होती. "70 च्या काडतुसांनी हे झालं असणार," ते म्हणाले. सांधा घट्ट करून घेतला, मगच सुरुवात केली.

आठ महिन्यांत 65 मिमीची, 24 ग्रॅम शिशाच्या छऱ्यांची साधारण 200 काडतुसं आणि 12.7 ग्रॅमच्या गोळीची आयआर काडतुसं 60 च्या आसपास झाडली. आंतरराष्ट्रीय सीआयपी मानकात 16 बोरची कमाल मर्यादा 780 बार आहे. मी मुद्दाम हलका भार निवडला. खांद्याला धक्का सौम्य, छऱ्यांचा पसारा एकसारखा. रायफलची पहिली गोळी थंड नळीतून नेमकी जाते, दुसरीही. तिसरी-चौथी वर चढायला लागते, कारण दोन्ही नळ्या एकमेकींना डाखलेल्या आहेत. रायफलची नळी तापून लांबते आणि थंड असलेली दुसरी तिला खेचून धरते. दोन गोळ्यांनंतर दहा मिनिटं थांबलं की निशाण पुन्हा जागेवर. याला मी दोष म्हणणार नाही, या बंदुकीचं कामच एकदोन नेमक्या गोळ्यांचं आहे. खरी अडचण पुरवठ्याची. 65 मिमीची 16 बोर काडतुसं शोधावी लागतात, आयआर त्याहून जास्त. दोनदा महिनाभर वाट पाहिली.

पोलादी छरे या नळीत घालणार नाही. ते शिशासारखे दबत नाहीत आणि जुन्या घट्ट चोकला (नळीच्या तोंडाशी मुद्दाम अरुंद केलेल्या भागाला) इजा करू शकतात. त्यांच्या उच्च क्षमतेच्या काडतुसांसाठी तपासलेल्या नव्या बंदुकांवर लिलीच्या फुलाचा ठसा असतो, माझ्यावर तो नाही. जिथे शिसं चालत नाही (अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी 1991 पासून देशभर बंदी आहे) तिथे बिस्मथ हा पर्याय. शिशापेक्षा हलका, पोलादापेक्षा जड आणि मऊ. तोही 65 मिमीतच घ्यायचा.

एक सवय मी पहिल्या दिवशीच लावून घेतली. माझा मित्र 20 बोर वापरतो. 20 बोरचं काडतूस 12 च्या चेंबरमधून आत सरकून पुढे अडकतं, आणि मागून 12 चं काडतूस बसूही शकतं. मग नळी फुटते, म्हणून कुठल्याच बोरांची सरमिसळ नको. त्यामुळे आमचे डबे एका टेबलावर कधीच नसतात, आणि माझ्या खिशात दुसऱ्या बोरचं एकही काडतूस नसतं.

परवा मामा आले होते. त्यांना माझ्या रिकाम्या पुंगळ्या दाखवल्या, तोंडं सगळी गोल, अखंड. त्यांनी एक बराच वेळ बोटात फिरवून पाहिली आणि घरात उरलेला 70 मिमीचा डबा दुसऱ्या दिवशी स्वतःच आणून दिला. पेटीच्या झाकणाला आता आतून एक चिठ्ठी चिकटवली आहे: वर 16/65, खाली 8×57 आयआर, खोबणी 8.08.